टर्बोआधीची टिकटिक

सावंतवाडी सोडून दाणोली मागं पडलं की आंबोलीचा घाट सुरू होतो. समुद्रसपाटीजवळून निघालेली गाडी बघता बघता सुमारे ६९० मीटर उंचीवर येते आणि तिथून पुढं तीस-पस्तीस किलोमीटरांवर आजरा. मासळी, नारळ, काजू लादलेल्या पिकअप, वडापच्या जीप, सुट्टी संपवून गोव्याहून परतणाऱ्या मोटारी, सगळ्यांना हाच चढ. सपाटीवर झाकून राहिलेली तक्रार इथं उघडी पडते. गाडी उचलत नाही, मागून काळा धूर येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन सुरू केलं की बॉनेटखालून टिकटिक ऐकू येते. इंजिन तापलं की आवाज गायब. मालकाला वाटतं टॅपेट वाजतायत. कुणी नोझल काढायला सांगतं, कुणी थेट टर्बोच बदलायला. पुष्कळदा दोष यांपैकी कशातच नसतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बो जिथं एकमेकांना जोडलेले असतात, त्या तळहाताएवढ्या जोडातून वायू निसटत असतो.

गॅरेजमध्ये याला ‘टर्बोचं पॅकिंग उडालं’ म्हणतात, नवं पॅकिंग टाकतात आणि गाडी सोडून देतात. काही महिन्यांत ती परत येते. यात मेकॅनिक फसवतो असं नाही. त्यानं जे बिघडलेलं दिसलं ते बदललं. पण पॅकिंग आपणहून उडण्याची उदाहरणं थोडी. पृष्ठभाग वाकलेला असतो, स्टड सैल झालेला किंवा तुटलेला असतो, नाहीतर टर्बोचं वजन चुकीच्या जागी आलेलं असतं, आणि त्याची शिक्षा पॅकिंग भोगतं. म्हणून या दुरुस्तीत पान्याआधी मोजपट्टी हातात घ्यावी लागते. आपल्याकडं नेमकी तीच मागं राहते.

टर्बोची कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्यानं १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. इंजिनातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या गरम वायूनं एक चक्र, म्हणजे टर्बाइन, फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्रानं इंजिनात जास्तीची हवा कोंबायची, एवढाच तिचा गाभा. जहाजं, आगगाड्या, विमानं अशी वाट चालत ती १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल आणि शेव्हरोलेच्या मोटारींत आली. मर्सिडीजनं १९७८ मध्ये डिझेल मोटारीला टर्बो दिला. महाराष्ट्राच्या रस्त्यांवर हे प्रकरण लोकांच्या ओळखीचं झालं ते पुण्याच्या टाटा सफारीनं १९९८ मध्ये आणि नाशिकच्या महिंद्रा स्कॉर्पिओनं २००२ मध्ये. २००७ मध्ये स्विफ्टमध्ये फियाटचं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन आलं आणि टर्बो मध्यमवर्गाच्या अंगणात उभा राहिला. आता तर बोलेरोचं तीन सिलिंडरचं दीड लिटरचं इंजिनही टर्बोशिवाय नाही, आणि पेट्रोलच्या छोट्या मोटारीसुद्धा त्याच वाटेनं गेल्या आहेत.

इंजिन आणि टर्बाइन यांच्यामधली ही गळती सायलेन्सरच्या भोकापेक्षा वेगळी आहे. सायलेन्सर फुटला तर गाव ऐकतं, पण ताकद फारशी जात नाही, कारण तिथं पोचलेल्या वायूनं आपलं काम आधीच केलेलं असतं. टर्बाइनच्या आधी मात्र वायू कामाला लागायचा असतो. भाराखाली तिथला दाब बाहेरच्या हवेच्या दुप्पट-तिप्पट होऊ शकतो आणि छोट्या मोटारींचे टर्बो मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतात. त्या दाबातला थोडा हिस्सा फटीतून गेला की टर्बो उशिरा जागा होतो, हवा कमी भरली जाते, डिझेल मात्र तेवढंच पडतं. उरलेलं अर्धवट जळून काळ्या धुरात जातं. पेट्रोल गाडीत आणखी एक भानगड होते. वायू ठोक्याठोक्यानं बाहेर पडतो. दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, पुढचा ऑक्सिजन सेन्सर ती मोजतो आणि इंजिनात पेट्रोल कमी पडतंय असा चुकीचा निरोप देतो. मग संगणक विनाकारण पेट्रोल वाढवतो.

हा जोड का निखळतो, याचं उत्तर उष्णतेत आहे. डिझेल इंजिनाचा एक्झॉस्ट जोरात चालताना ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. टर्बो पेट्रोलचा हजाराच्या जवळ. घाट चढून आल्यावर अंधारात बॉनेट उघडलं तर टर्बोचं घर मंद लाल दिसू शकतं. बिडाचं मॅनिफोल्ड तापलं की लांबतं, दर मीटरला दर अंशाला साधारण १२ मायक्रोमीटर. चार सिलिंडरांच्या इंजिनाचं ४० सेंटीमीटर लांबीचं मॅनिफोल्ड २५ अंशांवरून ७०० अंशांवर गेलं तर ते तीन मिलिमीटरहून जास्त वाढू पाहतं. ज्या ॲल्युमिनियमच्या हेडवर ते बसलंय ते पाण्यानं थंड राखलेलं, शंभर अंशांच्या आसपास थांबलेलं. त्याची वाढ पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. उरलेले अडीच मिलिमीटर जायचे कुठं? म्हणून तर कारखाने मॅनिफोल्डची टोकाकडची भोकं जाणूनबुजून मोठी किंवा लांबट ठेवतात. सरकायला जागा लागते. गंजानं ती जागा बुजली, किंवा कुणी अंगातला जोर लावून नट ओढला, की मॅनिफोल्ड सरकत नाही, ते वाकतं, आणि टोकाचे स्टड तुटतात. मधले तुटायच्या आधी टोकाचे का तुटतात, याचं कोडं इथं सुटतं.

टर्बोच्या फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या सपाट तोंडावर, हीच गोष्ट लहान मापात घडते. तीन किंवा चार स्टड, त्यांवर टर्बोचं वजन, त्याला लटकलेला पुढचा पाइप. थंड-गरम, थंड-गरम अशा शेकडो फेऱ्यांत स्टडचं पोलाद हळूहळू ताणलं जातं आणि पकड ढिली होते. नट फिरलेला नसतो, तरी दाब गेलेला असतो. मोठ्या ट्रकच्या इंजिनांवर मॅनिफोल्डच्या बोल्टखाली लांब बुश दिसतात ते याच कारणानं. लांब बोल्ट जास्त ताणला जाऊ शकतो, म्हणून थोडं काही बसकलं तरी पकड टिकते. त्या बुश निरुपयोगी समजून काढून ठेवणारे आणि आखूड बोल्ट लावणारे महाभागही असतात.

वजनाचा मुद्दा वेगळा सांगावा इतका महत्त्वाचा आहे. टर्बोला किंवा त्याच्या पुढच्या पाइपला इंजिनाच्या ब्लॉकशी बांधणारा एक पत्र्याचा ब्रॅकेट असतो. आधीच्या कुठल्यातरी कामात तो काढला जातो, बोल्टपर्यंत हात जात नाही म्हणून परत लावला जात नाही. गाडी सुरू होते, चालते, कुणाला काही कळत नाही. पण आता सायलेन्सरच्या पाइपचा प्रत्येक हिसका थेट टर्बोच्या स्टडवर येतो. रबरी हँगर तुटलेले असतील किंवा पाइपमधला लवचीक जाळीचा तुकडा कडक झाला असेल तरी तेच. पॅकिंग तिसऱ्यांदा उडालेल्या गाडीत आधी हा ब्रॅकेट शोधावा.

आजऱ्याकडं यात पावसाची भर पडते. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आणि आजऱ्याचा पश्चिम भागही कोरडा म्हणावा असा नाही. घाटात धबधब्याचं पाणी रस्त्यावर येतं, खड्ड्यांतून उडतं. इंजिनाखालचं कव्हर फाटलेलं असेल तर तापलेल्या बिडावर गार पाण्याचा फवारा बसतो. बीड ताण सोसत नाही. अशा झटक्यांनी बारीक चीर पडते आणि चढत्या भारात ती वाढते. दमट हवेत स्टडचे आटे गंजतात ते वेगळंच.

ओळखायचं कसं? या कामाला महागडं यंत्र लागतंच असं नाही. पहिली खूण काजळी. जोडाच्या कडेला काळा पंखा उमटलेला असेल, किंवा उष्णतारोधक पत्र्याच्या आतल्या बाजूला काळा पट्टा असेल, तर वायू तिथून जातोय. दुसरी खूण आवाजाची वेळ: थंडपणी टिकटिक, गरम झाल्यावर बंद, कारण धातू फुगून फट मिटवतो. म्हणूनच तपासणी रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर करायची. ग्राहक गाडी चालवत गॅरेजला आणतो आणि तोवर पुरावा विरून जातो. तिसरी रीत साबणाच्या पाण्याची. इंजिन बंद आणि गार असताना सायलेन्सरच्या तोंडातून ब्लोअरनं हलकी हवा आत सोडायची आणि जोडावर फेस टाकायचा. बुडबुडे जागा दाखवतात. टर्बोचं चक्र हवेला पूर्ण अडवत नाही, त्यामुळं हवा मॅनिफोल्डपर्यंत पोचते. धूर सोडणारं यंत्र असलं तर तेच काम जास्त नेटकं होतं. हात फिरवून गळती शोधू नये. ७०० अंशांचा वायू दिसत नाही.

आणि तो नुसता भाजत नाही. बॉनेटखालची हवा वायपरजवळच्या जाळीतून केबिनमध्ये ओढली जाते. पेट्रोलच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट धरतो आणि त्याला वास नसतो. डिझेलमध्ये तो कमी, पण डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जून २०१२ मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलंय. एसी लावल्यावर धुराचा वास येत असेल तर गाडी घाटात काढण्याआधी गॅरेजला न्यावी. पीयूसी केंद्रावर यातलं काही कळेल ही अपेक्षा नको. तिथली नळी सायलेन्सरच्या टोकाला लागते, फटीतून गेलेला धूर तिच्यात येतच नाही. गळतीमुळं वाढलेला काळा धूर तेवढा सापडेल.

आता उपायांकडं. सर्वांत स्वस्त उपाय नट आवळण्याचा. नवी गळती असेल, स्टड शाबूत असेल, तर तो कधीकधी चालतो. पण गंजलेल्या स्टडवर पाना लावला आणि ‘कट्’ असा आवाज आला की पंधरा मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं. दुसरा उपाय लेपांचा. एम-सीलसारखी इपॉक्सी या तापमानाच्या जवळपासही टिकत नाही. लाल सिलिकॉन साधारण तीनशे अंशांपर्यंत दम धरतं, इथं ते जळून जातं. एक्झॉस्टसाठीचं सिमेंट ताप सोसतं पण ठिसूळ असतं. जोड हलला की त्याचे तुकडे सुटतात, आणि ते वायूबरोबर जातात कुठं तर दोन लाख फेऱ्यांनी फिरणाऱ्या चक्रावर. सायलेन्सरच्या पाइपवर जे चालतं ते टर्बोच्या आधी चालत नाही. तिसरी आवडती युक्ती दोन पॅकिंग एकावर एक घालण्याची. जेवढे थर जास्त तेवढं बसकणं जास्त, म्हणजे पकड आणखी लवकर सुटणार. वाकलेल्या फ्लँजला जाड पॅकिंग हा इलाज नाही.

खरं काम टर्बो खाली उतरवून होतं, आणि त्यातला सर्वांत कसबी भाग तुटलेला स्टड काढण्याचा. स्टड पृष्ठभागाच्या वर थोडा उरला असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग मारतात. इथं नट फिरवायला हाताशी मिळतो, पण वेल्डिंगचा मुख्य फायदा वेगळाच आहे: स्टड आतून लालबुंद होतो, फुगू पाहतो, भोवतालचं बीड त्याला फुगू देत नाही, आणि गार होताना तो आकसून गंजाची पकड तोडतो. लाली गेली की मेणबत्ती टेकवतात. वितळलेलं मेण आट्यांत शिरतं. मग पाना एकाच दिशेनं ओढायचा नाही. पाव फेरा मागं, पाव फेरा पुढं, असं हलवत हलवत. उतावळा माणूस इथं हरतो. स्टड आतच मोडला तर मध्यावर नेमका पंच मारून ड्रिल करावं लागतं. ड्रिल बाजूला सरकलं की मूळ आटे गेले. मग भोक मोठं करून तारेचे आटे बसवायचे किंवा एक माप वरचा स्टड टाकायचा. तुटका स्टड फिरवून काढायचा इझी-आउटच आत मोडला तर मात्र देवच वाली, कारण ते पोलाद साध्या ड्रिलला ऐकत नाही.

जोड सुटला की स्टीलची सरळ पट्टी आणि फिलर गेज. पट्टी फ्लँजवर उभी-आडवी-तिरकी धरायची आणि खालून पान सरकतंय का बघायचं. एवढ्या लहान पृष्ठभागावर ०.१ मिलिमीटरचं पान आत गेलं तर फ्लँज वाकलंय असं समजून ते फेसिंगला, म्हणजे तासून सपाट करायला, पाठवावं. मॅनिफोल्डचं आणि टर्बोचं, दोन्ही फ्लँज मोजावीत. एकच सरळ करून दुसरं वाकडं ठेवण्यात अर्थ नाही. मॅनिफोल्ड काढलंच असेल तर ते पॅकिंगशिवाय हेडवर नुसतं टेकवून भोकं जुळतात का तेही पाहावं. वर्षानुवर्षं तापून काही मॅनिफोल्ड कायमची आखूड होतात. अमेरिकेत डॉजच्या पिकअपमधल्या जुन्या कमिन्स डिझेल इंजिनांवर हा दोष इतका ओळखीचा आहे की तिथं मधे सरकते सांधे असलेली, दोन-तीन तुकड्यांची मॅनिफोल्ड बाजारात मिळतात. फोर्डच्या साडेतीन लिटरच्या टर्बो पेट्रोल पिकअपमध्ये वाकलेली मॅनिफोल्ड आणि तुटलेले स्टड ही मालकांची नेहमीची तक्रार. माझदाच्या छोट्या मियाटाला टर्बो लावून शर्यतीच्या ट्रॅकवर पळवणारे हौशी लोक साध्या पोलादी स्टडना कंटाळून इन्कोनेलचे स्टड घालतात. जेट इंजिनांत वापरला जाणारा हा निकेलचा मिश्रधातू तापल्यावरही सहजी ताणला जात नाही. पैसा ओतलेल्या गाड्यांनाही हा जोड सोडत नाही, हे आजऱ्यातल्या पिकअपवाल्यानं ऐकायला हरकत नाही.

फेसिंगसाठी आजरा-गडहिंग्लज पट्ट्यातल्या माणसाला एक सोय आहे, जी विदर्भातल्या एखाद्या तालुक्याला सहज मिळत नाही. कोल्हापूर हे बिडाचं शहर. शिवाजी उद्यमनगरातल्या लेथ आणि ग्राइंडिंगच्या शेडांपासून शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांपर्यंत, बीड ओतणं आणि तासणं हा तिथला रोजचा धंदा आहे. देशभरच्या वाहन कारखान्यांना तिथून कास्टिंग जातात. फ्लँज सरफेस ग्राइंडरवर घेणं हे तिथं तासाभराचं काम. अडचण अंतराची आणि वेळेची असते: गाडी अडकून पडते, वडापवाल्याचा दिवस बुडतो, म्हणून गावात हातानं कानस मारून भागवलं जातं. कानसीनं मधला उंचवटा जातो, कडा मात्र गोल होतात. एकदा नीट फेस मारून आणलेलं मॅनिफोल्ड तीन वेळा पॅकिंग बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं, मजुरी धरली तर नक्कीच.

चीर पडलेलं मॅनिफोल्ड वेल्डिंगनं सांधता येतं का? येतं, पण सगळ्यांना नाही आणि नेहमीच्या रॉडनं तर नाहीच. साध्या रॉडनं बिडात शिवण कडक होते आणि शेजारी नवी चीर जाते. निकेलचा रॉड लागतो. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून ती पुढं सरकायची थांबवायची, इंचभर शिवण मारायची, गरम असतानाच हातोडीनं हलके ठोके द्यायचे, गार होऊ द्यायचं, मग पुढचा इंच. दुसरी रीत पूर्ण मॅनिफोल्ड आधी तापवून काम करण्याची, आणि नंतर ते राखेत किंवा कोरड्या वाळूत पुरून सावकाश निववण्याची. पितळेचा झाळ इथं कुचकामी, कारण या तापात पितळ लोण्यासारखं मऊ पडतं. बरंच चाललेल्या मॅनिफोल्डचं बीड आतून इतकं जळलेलं असतं की शिवण धरतच नाही. तेव्हा नवं घेणं शहाणपणाचं. टर्बोच्या घराच्या आत, वेस्टगेटच्या भोकाजवळ, केसासारख्या भेगा दिसल्या तर घाबरू नये, त्या बहुतेक जुन्या टर्बोंत असतात. बाहेरच्या भिंतीच्या आरपार गेलेली भेग मात्र माफ नाही.

परत बसवताना चुका होतात त्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींत. टर्बोची उघडी तोंडं स्वच्छ फडक्यानं बंद न ठेवल्यामुळं आत पडलेला एक वॉशर पूर्ण टर्बो खातो. जुनं पॅकिंग ॲस्बेस्टॉसचं असू शकतं, ते कोरडं खरवडून धूळ उडवू नये. नवं पॅकिंग बहुधा स्टेनलेसच्या पत्र्याचं, उभार दिलेलं असतं. तो उभार स्प्रिंगसारखा दाबला जातो आणि एकदाच, म्हणून काढलेलं परत लावायचं नसतं. नट नवे, आट्यांच्या पिळानं अडकणारे; प्लॅस्टिकची कडी असलेले नट इथं वितळतात. आट्यांना निकेलयुक्त अँटीसीझ ग्रीसचा हलका हात. आवळताना समोरासमोरचे नट, टप्प्याटप्प्यानं, त्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कनं. ग्रीस लावल्यावर तोच टॉर्क जास्त ताण देतो हेही ध्यानात ठेवावं लागतं. ब्रॅकेटचे बोल्ट आधी सैल ठेवून टर्बोचे नट पक्के झाल्यावर आवळायचे, नाहीतर ब्रॅकेट स्वतःच फ्लँजला बाजूला ओढतो. तेलाची नळी जोडण्याआधी टर्बोत थोडं तेल सोडायचं. काही तापत्या-निवत्या फेऱ्यांनंतर गार इंजिनावर पुन्हा एकदा पाना लावून बघायचा, पुस्तकानं मनाई केली नसेल तर.

नव्या गाड्यांनी प्रश्नाची जागा बदलली आहे. चाकणमध्ये बनणाऱ्या फोक्सवॅगन-स्कोडाच्या एक लिटर टर्बो पेट्रोल इंजिनात वेगळं एक्झॉस्ट मॅनिफोल्डच नाही. ते हेडच्या ॲल्युमिनियममध्येच ओतलेलं आहे, भोवती पाणी खेळतं, आणि टर्बो थेट हेडवर बसतो. वायू थोडा निवतो, एक जोड कमी झाला, वाकणारं लांब बीड गेलं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ नियमांनी डिझेल गाड्यांत टर्बोच्या लगेच पुढं काजळीची गाळणी आणून बसवली आहे. ती स्वच्छ व्हायला गरम वायू लागतो, त्यामुळं जोडातली गळती आता ‘गाडी उचलत नाही’ या तक्रारीआधी डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्यात दिसू शकते. हेडमध्येच ओतलेल्या मॅनिफोल्डनं गॅरेजला मात्र एक नवी जोखीम आणली आहे. बिडाच्या मॅनिफोल्डमधला स्टड मोडला तर मॅनिफोल्ड काढून लेथवर नेता येत होतं. तो हेडच्या ॲल्युमिनियममध्ये मोडला तर इंजिनाच्या खाचेत, गाडीतच, आरशात बघत ड्रिल धरावं लागतं, आणि ते साधलं नाही तर हेड उतरवावं लागतं.